कोंबडा सारखा सारखा बसतोय? औषधाआधी पहाटे त्याचा गळा चाचपा

कोंबडी बसली की आपण पाटीत पेंढा घालून अंडी मांडतो. कोंबडा बसला की मात्र घरात काळजी सुरू होते. आमच्या कोल्हापुरात बावड्याकडे आजारी कोंबड्याला 'बसला' असंच म्हणतात, कारण दिसतं तेच. अंगावरची पिसं फुगवून, मान आखडून, डोळे अर्धे मिटून तो कोपऱ्यात बसून राहतो. शेपटी खाली, तुऱ्याचं टोक जांभळट. आरवणं बंद. दाणे टाकले तर उठून येतो, दोन चोची मारतो आणि परत जागेवर.

आमचा कोंबडा गावरान, तीन वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबरमध्ये तो चार वेळा असा बसला. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "मेडिकलातनं कॅप्सूल आण आणि फोडून पाण्यात घाल. आमचं कोंबडं तसंच उठलं हुतं." मी तसंच केलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंबडा उठला, आरवलाही. मला वाटलं, औषध लागू पडलं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा कॅप्सूल, पुन्हा उठला, पुन्हा बसला. चौथ्या वेळी मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला पिशवीत घालून त्याला तोलला, तेव्हा पोटात गोळाच आला. जूनमध्ये २ किलो ७०० ग्रॅम असलेला कोंबडा १ किलो ९०० ग्रॅमवर आला होता. पिसांमुळे वरून काही कळत नव्हतं.

ज्यांचा कोंबडा असाच उठतो आणि परत बसतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे कारण कुठे सापडलं ते सांगतोच, पण त्याआधी काय काय वगळलं तेही सांगतो. तुमच्या घरी कारण वेगळं असू शकतं.

एकटाच बसलाय, की सगळे?

पहिला प्रश्न हाच, आणि तो मी चौथ्या वेळेपर्यंत स्वतःला विचारलाच नाही.

खुराड्यातले दोन-चार पक्षी एकदम मलूल झाले, हिरवट-पांढरी पातळ शीट पडायला लागली, चोच उघडून श्वास घेतायत, एखाद्याची मान पिळवटल्यासारखी वळतेय, पंख-पाय लुळे पडतायत, तर ती मानमोडी असण्याची शक्यता मोठी. यालाच राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या गावावरून. हा विषाणूचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. लसूण, हळद, कांद्याचा रस यांनी मानमोडी बरी होत नाही, हे मी ठामपणे सांगतो, कारण या उपायांत दोन दिवस जातात आणि तेवढ्यात शेजारच्या खुराड्यापर्यंत आजार पोचतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पक्षी एकाएकी भराभर मरायला लागले, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, तर बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ साली नंदुरबारातल्या नवापूरला देशातला पहिला प्रादुर्भाव झाला तो आपल्याच राज्यात. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करा.

आमच्याकडे कोंबडा बसला असताना चारही कोंबड्या ठणठणीत होत्या. त्याच खुराड्यात झोपणाऱ्या, त्याच भांड्यातलं पाणी पिणाऱ्या. चार महिन्यांत एकीलाही शिंक आली नाही. साथीचा आजार असा एकट्याला धरून बसत नाही. म्हणजे कारण त्या एकट्याच्या अंगात किंवा त्या एकट्याच्या दिनक्रमात होतं. हा धागा आधी पकडला असता तर त्याचं आठशे ग्रॅम वजन वाचलं असतं.

आधी बाजूला घ्या, ऊब द्या

एकटा असो वा अनेक, बसलेला कोंबडा त्याच दिवशी वेगळा करा. डालग्याखाली ठेवलात तरी चालेल, पण पावसाळ्यात जमिनीची ओल वर येते. आम्ही टीव्हीचं जुनं खोकं घेतो, तळाला वर्तमानपत्र घालतो आणि एका बाजूला ६० वॅटचा साधा बल्ब हातभर अंतरावर टांगतो. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे गरम वाटलं तर त्याला सरकता येतं. खाली पेंढा किंवा भुसा घालू नका, कागदच घाला. उद्या सकाळी त्या कागदावरच निम्मी माहिती मिळणार आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पंखाखाली हात घातला की कोंबडा गरम लागतो आणि आपण म्हणतो, ताप आलाय. कोंबड्याच्या अंगाचं तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. आपल्या हाताला तो गरम लागणारच. माणसाची तापाची गोळी चुरून घालायचा मोह इथूनच होतो. घालू नका.

हातात घेऊन बघणं

अंधार पडल्यावर धरा. अंधारात त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे तो फडफडत नाही, तुमची आणि त्याची दोघांचीही ओढाताण वाचते. दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत घ्या, डोकं पुढे ठेवा आणि कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा.

चोचीपासून सुरुवात करा. नाकपुड्यांशी चिकट शेंबूड, एका बाजूचा सुजलेला चेहरा, डोळ्यात फेस आणि घाण वास असं असेल तर ती सर्दी, म्हणजे कोरायझा. रात्री खुराड्याला कान लावल्यावर घरघर ऐकू येत असेल तर छातीचा जुनाट आजार, ज्याला डॉक्टर सीआरडी म्हणतात. तुऱ्यावर आणि चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्यांवर काळ्या-तपकिरी मसासारख्या खपल्या दिसल्या तर देवी. डासांमुळे पसरतात, म्हणून पावसाळ्यात जास्त. बाहेरच्या खपल्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. त्या उपटायच्या नाहीत, पोविडोन आयोडीन लावत राहायचं. तोंडात पिवळा थर चढला असेल तर मात्र दवाखाना.

चोच उघडून आत बघा. जिभेच्या मागे एक बारीक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. ही फट प्रत्येकाने एकदा तरी डोळ्यांनी बघावी, कारण आपण जेव्हा चोच उघडून सिरिंजने भसकन पाणी सोडतो तेव्हा ते नेमकं या फटीत जातं. औषधाने नव्हे, फुप्फुसात पाणी जाऊन कोंबडा मरतो. पाणी पाजायचं तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा. तो स्वतः मान वर करून गिळतो, मग पुढचा.

त्यानंतर छाती. पुढून बोटं फिरवली की मधलं हाड लागतं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. ते हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर आजार कालचा नाही, काही आठवड्यांचा आहे. पंखाखाली आणि शेपटीमागे पिसं बाजूला करून उवा आणि किडे बघा. पिसांच्या मुळाशी पांढरट गुच्छ म्हणजे उवांची अंडी. तळपाय उलटा करून बघा, मधोमध काळी खपली आणि गाठ असेल तर लंगडण्याचं कारण तिथे आहे. पायावरच्या खवल्या उचललेल्या दिसल्या तर बारीक किडे, त्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन महिनाभर चोपडत राहायचं.

आता गळा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो रात्री नाही, पहाटे बघायचा असतो.

पहाटेची परीक्षा

कोंबडं दाणे टिपतं ते थेट पोटात जात नाहीत. मानेच्या खाली, छातीच्या वर, त्याच्या उजव्या बाजूला एक पिशवी असते, तिथे दाणे साठतात, भिजतात आणि थोडे थोडे पुढे सरकतात. संध्याकाळी पोटभर खाल्लेल्या कोंबड्याची ही पिशवी मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी लागते. रात्रभर ती रिकामी होत जाते. पहाटे, दाणे टाकायच्या आधी, तिथे नुसती सैल कातडी लागायला हवी.

अंधार पडताना खाणं काढून घ्या, पाणी राहू द्या. सकाळी साडेपाच-सहाला काहीही न देता कोंबडा उचला आणि तिथे बोटं लावा. चौथ्या वेळी वजन बघून कोंबड्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनीही पहिला हात तिथेच लावला. मग त्यांनी चोच उघडून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. इडलीचं पीठ दोन दिवस बाहेर राहिल्यावर जो वास येतो ना, तसा आंबूस वास होता. पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डचमळत होती आणि तळाशी बोटाला काहीतरी तंतूमय गुंता लागत होता. सकाळचे दहा वाजले होते आणि कोंबड्याने आदल्या दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं.

पहाटे पिशवी रिकामी लागली तर आजार दुसरीकडे शोधा. ती भरलेली लागली तर ती कशी लागते यावर पुढचं ठरतं.

कणकेच्या उंड्यासारखी घट्ट, दाबल्यावर खड्डा पडणारी असेल तर आत चोंदलंय. लांब सुकं गवत, सुतळी, पिसं, पाचटाचे धागे यांचा गोळा झालेला असतो. चोवीस तास दाणा बंद. कोमट पाणी कडेने थेंब थेंब, दोन-तीन मिली खोबरेल तेल तसंच हळूहळू, आणि दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं बोटांनी हलकेच चोळायचं. गोळा फुटल्यासारखा मऊ पडत गेला तर ठीक. दीड दिवसात काहीच फरक नाही तर डॉक्टर पिशवीला छोटा छेद देऊन गुंता काढतात आणि टाके घालतात. ब्लेड घेऊन हे घरी करू नका.

डचमळणारी आणि आंबूस वासाची असेल तर आत बुरशी वाढलीय. दाणा इथेही बंद, पण उपाय वेगळा. बुरशीवरचं औषध डॉक्टरच देतात. आमच्या कोंबड्याला निस्टॅटिन दिलं होतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. काही जण मोरचूद पाण्यात टाकायला सांगतात. तो उपाय जुना आहे, पण मोरचूद हे विष आहे. फवारणीसाठी घरात पडलेल्या डब्यातला खडा अंदाजाने टाकला तर बुरशीआधी कोंबडा जाईल.

तिसरा प्रकार म्हणजे पिशवी लोंबकळून खाली आलेली, चालताना हलणारी. ती ताणून सैल झालेली असते आणि पूर्ववत सहसा होत नाही. अशा कोंबड्याला थोडं थोडं खाणं दिवसातून अनेकदा देऊन सांभाळावं लागतं.

आणि हेही लक्षात ठेवा, पिशवी थांबणं हा काही वेळा दुसऱ्याच आजाराचा परिणाम असतो. पुढे आतड्यात जंतांचा गोळा असेल, किंवा मरेक नावाच्या विषाणूच्या आजारात नस लुळी पडली असेल, तरी पिशवी रिकामी होत नाही. म्हणून दोन दिवसांत उतार नसेल तर घरी चोळत बसण्यात अर्थ नाही.

मी काय काय चुकीचं केलं

डॉक्टरांनी विचारलं, "आत्तापर्यंत काय काय दिलं?" मी कॅप्सूलचं नाव सांगितलं. ते प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक होतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पिशवीत बुरशी थोडीफार असतेच, तिला आतले चांगले जिवाणू आवरून धरतात. प्रतिजैविकाने ते जिवाणू मरतात, बुरशीवर त्याचा परिणाम शून्य. म्हणजे दर वेळी मी बुरशीला रान मोकळं करून देत होतो.

मग तो दर वेळी उठायचा कसा? बसला की दीड-दोन दिवस तो खायचा नाही. तेवढ्यात पिशवी जेमतेम मोकळी व्हायची, आणि तो उठायचा. उपासाने उठणाऱ्या कोंबड्याचं श्रेय मी कॅप्सूलला देत होतो. त्या कॅप्सूलनी आजारावर काहीच काम केलं नाही, उलट पुढची फेरी आधीपेक्षा वाईट करून ठेवली.

दुसरी चूक गुळाची. अशक्त आहे म्हणून गुळाचं पाणी पाजत होतो. कोल्हापुरात गुळाच्या पाण्यावर आपला विश्वास असतोच, आणि उन्हाने किंवा हगवणीने थकलेल्या पक्ष्याला ते उपयोगीही पडतं. पण आंबलेल्या पिशवीत गूळ म्हणजे बुरशीला खाऊ. भात, पाव, दूध यांचंही तेच. तो बरा व्हायला लागल्यावर आम्ही उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि भिजवलेलं पिल्लांचं तयार खाद्य चमचा-चमचा, दिवसातून चार वेळा दिलं, आणि दर वेळी आधीची पिशवी उतरलीय ना हे बघून मगच पुढचं.

तिसरी चूक करता करता वाचलो. पाय धरून उलटा करायचा आणि आतलं ओकून टाकायला लावायचं, असं एकाने सांगितलं होतं. ते आंबलेलं पाणी वर येताना त्याच फटीतून श्वासनलिकेत उतरतं. हातातच कोंबडा गेल्याची उदाहरणं आहेत.

प्रतिजैविकांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक अर्धवट डोसाने जिवाणू त्या औषधाला सरावतात, आणि तीच औषधं आपल्या पोरांना लागतात. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं, म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी त्याच्यावर बंदी घातली. परड्यातला एक कोंबडा लहान गोष्ट वाटते, पण अशी परडी घराघरात आहेत.

कारण खाली फरशीत होतं

औषधाने पिशवी आठ दिवसांत मोकळी झाली. पण ती भरली का, हा प्रश्न होताच, आणि एकट्याचीच का, हाही.

एप्रिलमध्ये आम्ही परड्यात कोबा केला होता. दर पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून. कोंबड्या दिवसभर मागच्या पडक्या वाड्याच्या मोकळ्या जागेत जातात. कोंबडा मात्र मे महिन्यापासून बांधून किंवा परड्यातच असायचा, कारण तो शेजारच्या लहान मुलांच्या अंगावर जायचा. म्हणजे मेपासून त्याच्या पायाखाली माती नव्हती आणि खडा नव्हता.

कोंबड्याला दात नाहीत. कलेजी-पेठा आणल्यावर त्यातला जो कडक लालसर गोळा असतो, तेच त्याचं जातं. त्या जात्यात तो गिळलेले बारीक खडे ठेवतो आणि त्यांच्यावर दाणा भरडला जातो. हे खडे झिजत जातात, नवे मिळावे लागतात. खडे संपले की अख्खा मका भरडत नाही, पुढचं सरकत नाही, आणि मागे पिशवीत गर्दी होते. पिठासारखं बारीक खाद्य खाणाऱ्या फार्मच्या कोंबड्यांना त्यावाचून चालतं. मका, जोंधळा, गवत खाणाऱ्या गावरानाला चालत नाही.

त्यात भर म्हणजे खुराड्यात खाली उसाचं पाचट पसरलेलं होतं. कंटाळलेला कोंबडा ते चोचीने ओढून ओढून खायचा. बोटाला लागलेला गुंता तोच.

आणि मका. पोतं जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. वरचा मका चांगला दिसत होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर घरी येऊन पोतं पालथं केलं, तर तळाच्या वीतभर थरात दाणे एकमेकांना चिकटलेले, कोंबापाशी हिरवट-करडी भुकटी, आणि हात घातला तर आतून कोमट. जुलै-ऑगस्टच्या त्या ओल्या दिवसांत भिंतीनेच पाणी ओढलं होतं. असा मका धुऊन, वाळवून देऊ नका. ऊन दाखवल्यावर बुरशी दिसेनाशी होते, पण तिने सोडलेलं विष दाण्यात तसंच राहतं. आम्ही सगळा मका खड्डा काढून पुरला. कोंबड्या बाहेर किडे-गवत खाऊन यायच्या, त्यांच्या पोटात हा मका कमी जायचा. कोंबड्याला दुसरं काही नव्हतंच.

आता पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब असतं आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्यावर पुरेल एवढं धान्य आणत नाही. परड्याच्या एका कोपऱ्यातला चार बाय चार फुटांचा कोबा फोडून माती उघडी केली आणि त्यात ज्वारीच्या ते तुरीच्या दाण्याएवढी काळ्या दगडाची बारीक खडी पसरली. पहिल्या दिवशी कोंबड्याने ती धान्यासारखी टिपली. शिंपल्याची पूड खड्याची जागा घेत नाही. ती पोटात विरघळते, अंड्याच्या कवचासाठी कोंबडीला लागते आणि कोंबड्याला तिची गरज नाही. पाचटाऐवजी खाली भाताचं तूस घातलं. ऑक्टोबरपासून तो एकदाही बसलेला नाही. डिसेंबरात वजन २ किलो ५०० ग्रॅम होतं.

कागदावरची शीट

खोक्यातला कागद सकाळी उजेडात बघा. घट्ट तपकिरी-हिरवट शीट आणि तिच्यावर पांढरी टोपी, ही नेहमीची. दिवसातून एक-दोनदा गुळाच्या काकवीसारखी चिकट, घाण वासाची शीट पडते, तीही नेहमीचीच, तिला हगवण समजू नका. पातळ गर्द हिरवी म्हणजे पोटात अन्न नाही, किंवा मानमोडी. रक्त दिसलं तर रक्ती हगवण, पण ती बहुतेक करून तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांची. मोठ्या कोंबड्यात क्वचित. तिच्यावर अँप्रोलियम देतात, आणि ते चालू असताना बी जीवनसत्त्वाचं टॉनिक थांबवायचं असतं, कारण दोन्ही एकमेकांविरुद्ध काम करतात. जंत डोळ्याला दिसतीलच असं नाही. काडेपेटीत ताजी शीट घेऊन दवाखान्यात गेलात तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. आमच्या कोंबड्याला जंत निघाले, पण जंताचं औषध पिशवी मोकळी झाल्यावरच दिलं. चोंदलेल्या पिशवीत औषध नुसतं पडून राहतं.

बाजारातलं कोंबडं

त्र्यंबोलीची यात्रा, गावोगावच्या जत्रा, आषाढात आपल्याकडे बाजारातून कोंबडं येतंच. चार दिवसांचाच प्रश्न म्हणून ते आपल्या खुराड्यात सोडलं जातं. मानमोडी आणि कोरायझा दोन्ही असेच घरात शिरतात. कोरायझातून उठलेला कोंबडा वरून धडधाकट दिसतो, पण आजार वाहत राहतो. चार दिवस असले तरी डालगं वेगळं, भांडं वेगळं, आणि आधी आपल्या कोंबड्यांना दाणे घालून मगच त्याच्याकडे जायचं. पाळायला आणलेला पक्षी असेल तर तीन आठवडे वेगळा.

मानमोडीची लस चार घरांनी मिळून घ्या, कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते. लासोटा ही मानमोडीची लस पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं किंवा बोअरचं थंड पाणी घ्या आणि दर लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. कुपी बर्फातून आणा आणि दोन तासांत संपवा. आजारी कोंबड्याला लस देऊ नका.

दवाखान्यात जाताना

श्वासाला धाप, मान पिळवटणं, चोवीस तासांत पाणीही न पिणं, तुरा निळा पडणं, यांपैकी काहीही असेल तर घरी वाट बघू नका. जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. पहाटे पिशवी कशी लागली, वजन किती, आणि आत्तापर्यंत काय काय पाजलं. शेवटचं लपवू नका, आमचा उलगडा तिथूनच झाला. कागदावरच्या शिटेचा फोटो काढून ठेवा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस त्यानंतर कोंबडा कापायचा नाही, आणि औषध कोंबडीला चालू असेल तर तिची अंडी खायची नाहीत. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

आणि एवढं करून कोंबडा गेलाच, तर लगेच पुरू नका. डॉक्टरांना फोन करून विचारा. ते हो म्हणाले तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून त्याला दुहेरी पिशवीत बांधा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनाला न्या. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या अवयवांतून नीट काही वाचता येत नाही. नेणं जमणार नसेल तर विहिरीपासून लांब तीन फूट खोल खड्डा, वर चुन्याचा थर, आणि कुत्री उकरणार नाहीत असा दगड.